पहिला कॅमेरा घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हौशी मंडळींसाठी

“पन्नास हजारांत कुठला कॅमेरा घेऊ?” गणपती तोंडावर आले की हा प्रश्न सुरू होतो. विचारणाऱ्याला मॉडेलांची नावं पाठ असतात, मेगापिक्सेल पाठ असतात. काय टिपायचंय असं विचारलं की मात्र “सगळंच की!” असं उत्तर येतं. सगळं टिपणारा कॅमेरा पन्नास हजारांत नाही आणि पाच लाखांतही नाही.

इथला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलटा आहे. दुकानात आधी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) दाखवतात, मग तिच्यासोबत येईल ती लेन्स, आणि वर बॅग फुकट. आपण आधी विषय ठरवू, विषयावरून लेन्स आणि लेन्सवरून बॉडी. शिवाय आपण सीमाभागात, घाटमाथ्याला टेकून राहतो, म्हणून आणखी एक गोष्ट: पावसाळ्याचे चार महिने हे सामान ठेवायचं कुठे, तेही पैसे संपायच्या आधीच ठरवायचं.

पायरी १: मोबाईलची गॅलरी चाळा

गेल्या वर्षभरात मोबाईलवर काढलेले फोटो घेऊन बसा. त्यातले स्वतःला आवडलेले आणि आवडायला हवे होते पण फसलेले असे दोन्ही बाजूला काढा. फसलेल्यांत खरी माहिती असते.

बोटांनी ओढून ओढून मोठे केलेले, तेलकट दिसणारे फोटो जास्त असतील तर तुमचा विषय लांबचा आहे. घरातले, देवळातले, रात्रीच्या मिरवणुकीतले फोटो हललेले असतील तर तुमची अडचण उजेडाची आहे. फुलावरचा किडा धूसर आणि मागचं पान टिपटॉप असेल तर तुम्हाला जवळचं बघायची ओढ आहे. आणि बहुतेक फोटो राजहंसगडावरून दिसणाऱ्या भातशेतीचे, ढगांचे, सूर्यास्ताचे असतील आणि चांगलेही आले असतील, तर खरं सांगतो, अजून वर्षभर मोबाईलच वापरा. मोबाईलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीइतका रुंद पट्टा दाखवते (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ), निसर्गदृश्याला तेवढी पुरते. उरलेल्या पैशांत फिरा.

पायरी २: विषयावरून लेन्स

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स म्हणजे बहुतेक वेळा १८-५५ मिमी, एफ ३.५ ते ५.६. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अपर्चर, मोठं आणि उजेड जास्त. (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर १६-५० किंवा १८-४५ असते, स्वभाव तोच.) दिवसाउजेडी ती उत्तम. लोक तिला उगाच नावं ठेवतात. तिची मर्यादा कळते ती उजेड कमी झाल्यावर.

वडगाव-शहापूरच्या एखाद्या विणकराच्या घरात दुपारी उभे राहून बघा. एक खिडकी, वर एक ट्यूब, आणि खोलीचा बहुतेक भाग मागानंच अडवलेला. विणकराचा चेहरा आणि धागा जोडणारी बोटं टिपायची आहेत. किट लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचं अपर्चर ५.६ वर अडकतं. समजा त्या उजेडात कॅमेरा १/१५ सेकंद शटर उघडं ठेवायला मागतोय. तेवढ्या वेळात बोटांचा नुसता धुरळा होणार. तिथेच एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळपास साडेनऊ पट जास्त उजेड आत येतो आणि शटर आरामात १/१०० च्या पुढे जातं. बोटं थांबतात. ही किमया बॉडीची नाही. दहा वर्षं जुनी बॉडीही त्या लेन्सनं हा फोटो काढील. उलट दीड लाखाची बॉडी किट लेन्सवर इथे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवत बसेल.

यात दोन बारकावे आहेत. पहिला असा की अशा अरुंद खोलीत ५० मिमी अंगावर येते. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिमी फिल्मइतक्या सेन्सरपेक्षा) लहान असतो, त्यामुळे त्यावरची ५० मिमी ही फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिमीसारखं कापून दाखवते. मागे सरकायला गेलात तर पाठ भिंतीला. तिथे ३५ किंवा ३० मिमी घ्या. अंगणातली, जत्रेतली माणसं टिपायची असतील तर ५० मिमीच गोड. घ्यायच्या आधी किट लेन्स ३५ वर ठेवून आठवडाभर फोटो काढा, नंतर ५० वर ठेवून काढा, मधे झूम फिरवायचा नाही. कुठली हवी ते हातच सांगेल.

दुसरा बारकावा दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, फोटोत मात्र आडवे काळे पट्टे उमटतात. अशा ठिकाणी शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचं आणि मिररलेसचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करायचं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांनाही हाच नियम. तिथे मी आयएसओ ३२०० लावून, अपर्चर १.८ वर ठेवून मोकळा होतो. ट्रायपॉड घेऊन त्या गर्दीत जाऊ नका, लोक शिव्या घालतील आणि त्यांचं बरोबर असेल.

पक्ष्यांचं वेड असेल तर खिशाचा विचार आधीच करा. दांडेलीचा धनेश उंबराच्या शेंड्यावर, आणि खाली तुम्ही. २५० मिमी एपीएस-सीवर चारशेच्या आसपास पोचते. ओळख पटण्याजोगा फोटो येतो, भिंतीवर लावण्याजोगा क्वचित. सुरुवात मात्र इथूनच करावी. ५५-२५० किंवा ७०-३०० वापरलेली स्वस्त मिळते आणि पक्ष्यांमागे पहाटे उठायची खरंच हौस आहे का, हे त्या पैशांत कळतं. सिग्मा-टॅमरॉनची १५०-६०० दोन किलोच्या घरात जाते. ती गळ्यात अडकवून भीमगडच्या अंगानं चालून बघितल्याशिवाय घेऊ नका. लग्नाचे फोटोग्राफर ओळखीनं एक-दोन दिवस भाड्यानं देतात, तेवढं पुरे.

आंबोलीला पावसाळ्यात बेडूक शोधत फिरणारी आपल्याकडची पोरं वाढली आहेत, छान आहे. त्यांनी लगेच मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घ्यायची गरज नाही. एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ कडी) किंवा लेन्सच्या तोंडावर चिमट्यानं बसणारं रेनॉक्स डीसीआर-२५० हे जोडभिंग यावर एक पावसाळा निघतो. फक्त या रेनॉक्सची ताकद आठ डायऑप्टर, म्हणजे फोकस जुळतो तेव्हा लेन्सचं तोंड विषयापासून जेमतेम बारा सेंटिमीटरवर असतं. बेडकाला चालेल. मलबारी चापड्यासारख्या विषारी सापाच्या तोंडाजवळ कोणी इतकं जाऊ नये. साप टिपायचा तर लांबूनच, १०० मिमीच्या पुढच्या लेन्सनं, आणि वाट माहीत असलेला माणूस सोबत घेऊन. बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, लिहिलं तर संपादक कापतील.

गोकाकचा धबधबा, गोडचिनमलकी, वज्रपोहा यांना लेन्सपेक्षा ट्रायपॉड लागतो. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि पुरात पाणी चहासारखं लाल असतं. ते रेशमासारखं दाखवायचं तर दिवसा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) हवा. सहा स्टॉपचा (सहा वेळा उजेड निम्मा करणारा) लावला की १/६० चं शटर एका सेकंदावर येतं. झुलत्या पुलावर हा खेळ जमत नाही. चार माणसं चालली की पूल हलतो आणि फोटोही. काठावर कोरडी, सपाट जागा बघा. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवू नका, फोटो दुसऱ्या दिवशीही मिळतो.

पायरी ३: आता बॉडी

इथवर आलात की बॉडीची निवड सोपी होते. प्रश्न दोनच: हव्या त्या लेन्स तिला बसतात का, आणि ओळखीतल्या कोणाकडे त्याच माउंटचं (लेन्स बसते त्या खाचेचं) सामान आहे का. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. मामेभावाकडे निकॉनच्या तीन लेन्स पडून असतील आणि तुम्ही रिव्ह्यू बघून सोनी घेतला, तर त्या तीन लेन्स तुमच्यासाठी नसल्यातच जमा.

डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस? नवीन घेणार असाल तर मिररलेस. कंपन्यांनी नवे डीएसएलआर काढणं जवळपास थांबवलंय, नव्या लेन्स मिररलेससाठीच येतात. किट लेन्ससकट साधारण साठ ते ऐंशी हजार धरा. कॅनन आर५० या पट्ट्यातला. कॅनन आर१०० त्याहून स्वस्त, पण त्याचा स्क्रीन हलत नाही आणि टचही नाही. जमिनीवर बसून बेडूक टिपणाऱ्याला हे जाचतं. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० यांना डोळा लावायचा व्ह्यूफाइंडरच नाही. व्हिडिओ करणाऱ्यांसाठी ते बनवलेत. अथणीच्या उन्हात नुसत्या स्क्रीनवर काय दिसतंय हे एकदा दुकानाबाहेर येऊन बघा, दुकानातल्या ट्यूबखाली नाही.

पंचवीस-तीस हजारच असतील तर वापरलेला डीएसएलआर बिनधास्त घ्या. जुना झाला म्हणून त्याच्या फोटोंना काही होत नाही. दोन फसव्या जागा तेवढ्या लक्षात ठेवा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ५० मिमी १.८ ‘डी’ लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतलीत तर फोकस हातानं फिरवत बसाल. ‘एएफ-एस’ लिहिलेली ‘जी’ घ्या. कॅननची एम मालिका गोंडस आणि स्वस्त, पण ती कंपनीनं बंद केली, तिच्या लेन्सचा रस्ता तिथेच संपतो.

फुल फ्रेमचा विचार पहिल्या कॅमेऱ्याला नकोच. बॉडी परवडते, लेन्स परवडत नाहीत.

पायरी ४: वापरलेलं सामान असं तपासा

लग्नसराई आटोपली की लग्नाचे फोटोग्राफर बॉड्या बदलतात आणि जुन्या बाजारात येतात. त्या स्वस्त दिसतात, पण पळालेल्या असतात. सुरुवातीच्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशोबानं बनवलेलं असतं आणि लग्नाच्या एका हंगामात किती क्लिक होतात ते तुम्हीच बघा. निकॉनवर एक जेपीईजी काढून शटर-काउंट दाखवणाऱ्या साइटवर टाकला की आकडा दिसतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांना केबल लावून लॅपटॉपवर बघावं लागतं, म्हणून लॅपटॉप सोबत न्या. आकडा दाखवायला विकणारा टाळाटाळ करू लागला तर चहा पिऊन उठा.

लेन्स बघताना मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं मारा, दुसऱ्या बाजूनं डोळा लावा आणि लेन्स हळूहळू तिरकी फिरवा. धुळीचे दोन-चार कण असले तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. काचेवर कोळिष्टकासारख्या बारीक फांद्या फुटलेल्या दिसल्या तर ती बुरशी, लेन्स परत द्या. “साफ करून मिळते हो” म्हणतील. मिळते, पण काचेवरचा लेप बुरशीनं खाल्ला असेल तर तो परत येत नाही. कारवार, गोवा, रत्नागिरीकडून आलेली लेन्स असेल तर ही तपासणी दोनदा करा.

मग बॉडीला लेन्स लावून अपर्चर १६ वर ठेवा आणि मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते, पण त्यावरून भाव कमी करून घ्या. टोपी लावून एक लांब एक्सपोजर घ्या, त्यात चमकणारे रंगीत ठिपके दिसतात का बघा. फ्लॅश, सगळी बटणं, कार्डाचा कप्पा, बॅटरीचं झाकण. बॅटरी फुगलेली असेल तर नवी घ्यावी लागेल, तो खर्च किमतीत धरा.

पायरी ५: कुठे घ्यायचा

एकेकाळी कॅमेऱ्यासाठी गोवा गाठायची पद्धत होती. आता बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, पणजी, कुठेही घ्या, नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्केच. सीमा ओलांडून कर वाचत नाही. कोणी बराच स्वस्त देत असेल तर बहुधा बिल नाही किंवा भारतातली वॉरंटी नाही. पक्कं बिल घ्या, त्यावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा आणि सर्व्हिससाठी सामान कुठल्या गावाला पाठवावं लागेल ते पैसे देण्याआधीच विचारा. दोन-तीन हजारांचा फरक असेल तर मी गावातल्या दुकानातून घेतो. खोके तिथेच उघडून बघता येते आणि काही बिघडलं तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते माहीत असतं.

पायरी ६: दमट हवेचा बंदोबस्त, दुसऱ्या लेन्सच्या आधी

बेळगावच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. जून ते सप्टेंबर तिथल्या घरांत कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी येते. तीच बुरशी लेन्सच्या काचेवर येते. हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की तिला फावतं. आणि कंपनीनं फुकट दिलेली मऊ, स्पंज भरलेली बॅग ही या कामी सगळ्यात वाईट जागा: ओल धरते, अंधार असतो आणि महिनाभर कोणी उघडत नाही.

इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट परवडलं तर प्रश्नच मिटला. नाही तर किराणा ठेवायचा रबरी कडीचा हवाबंद डबा घ्या, त्यात आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणि दोनशे-अडीचशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. हजार रुपयांच्या आत काम होतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ३० च्या खाली फार दिवस नको, रबर आणि वंगण सुकतं. सिलिकाचे केशरी दाणे हिरवट किंवा निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन तुडुंब झाले. कढईत मंद आचेवर परतून मूळ रंग आला, गार झाले, की पुन्हा डब्यात. मात्र त्या कढईत नंतर स्वयंपाक करायचा नाही. तांदूळ घालू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते. डांबराच्या गोळ्या तर नकोतच.

चोर्ला घाटात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते, कधी आतल्या बाजूनंही. उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करा, बॅगेची चेन बंदच राहू द्या.

पूर्वेला, अथणी-रायबागकडे, उलटी तऱ्हा: ओल कमी, धूळ जास्त. मंगसुळीच्या खंडोबाला किंवा सौंदत्तीच्या डोंगरावर भंडारा उधळतात तेव्हा हवा पिवळी होते आणि ती पूड झूम लेन्सच्या मानेत शिरते. तिथे लेन्स बदलायची नाही, एकच लावून जायचं. पारदर्शक प्लास्टिक पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावा आणि तोंडावर साधा यूव्ही फिल्टर चढवा. घरी आल्यावर आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी कापड. पहिल्यांदाच कापड फिरवलंत तर हळदीचे कण काचेवर घासले जातात. शर्टाच्या टोकानं पुसणाऱ्यांना काय सांगायचं!

पायरी ७: किरकोळ, पण अडवणारं सामान

कार्ड ६४ जीबीची दोन घ्या, १२८ चं एक नको. एक बिघडलं तर दिवस वाया जात नाही. वर यू३ किंवा व्ही३० (वेगाची खूण) लिहिलेलं असावं. नकली कार्डं भरपूर फिरतात. नवीन कार्ड आणलं की एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकटचा प्रोग्रॅम एकदा पूर्ण चालवा, वेळ खातो पण खोटी क्षमता लगेच उघडी पडते. जादा बॅटरी मिररलेसवाल्यांना हवीच.

ट्रायपॉड सातशे रुपयांचा घेऊ नका. वाऱ्यानं हलणाऱ्या ट्रायपॉडपेक्षा बांधावरचा दगड बरा. तीन-चार हजारांत बॉडी आणि लेन्सचं वजन पेलणारा, मधला खांब खाली ठेवूनही पोटापर्यंत येणारा मिळतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत तो उघडायचा तर परवानगी लागते, पण हातातल्या कॅमेऱ्यानं काळ्या दगडातलं छतावरचं कमळ टिपता येतं. एफ १.८ ची लेन्स तिथेही कामाला येते. किल्ल्याच्या आसपास आणि कॅम्पात लष्कराच्या फाटकांकडे, तळाच्या भिंतींकडे कॅमेरा रोखू नका. ड्रोनचं वेड असेल तर ते वर्षभर पुढे ढकला. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दल दोन्ही आहेत. ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी साइटच्या नकाशावर तुमचं गाव कुठल्या रंगात येतं ते आधी बघा, त्यानंतर किमतीचं बोला.